बबनचे डबे आणि माझा झेंडा

बबन रोज सकाळी माझ्या दाराकडं तोंड करून दात घासायचा. मिसरी. अर्धा अर्धा तास. त्याच्या घरामागं चांगली फरशीची मोरी होती, पण तो तांब्या घेऊन मधल्या रस्त्याच्या कडेला यायचा, माझ्या उंबऱ्यासमोर उकिडवा बसायचा आणि एक बोट तोंडात घालून माझ्याकडं बघत राहायचा. चूळ भरून पिचकारी टाकायची ती माझ्या हद्दीच्या एक वीत अलीकडं. हद्द त्याला चोख माहीत होती. मीही ओट्यावर कपबशी घेऊन बसायचो, ते त्याचं तोंड धुऊन होईपर्यंत उठायचो नाही. चहा गार व्हायचा. कित्येक वर्षं आमचं हे चाललं. बायको म्हणायची, "लोकं उठल्या उठल्या देवाचं तोंड बघत्यात, तुमी दोघं एकमेकांचं बघताय."

बबन माझा सख्खा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा, आणि ते तीन महिने त्यानं मला शेवटपर्यंत विसरू दिले नाहीत. माझं नाव धोंडिबा, गाव तात्या म्हणतं. बबननं मात्र माझं नाव टाकलं होतं. मी म्हणजे 'समोरचा'. गॅस सिलिंडरवाल्याला सांगायचा, "माझी टाकी हितं ठेव, आन् समोरच्याची टाकी समोर ठेव." माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याला दिली, तर ती हातात धरून म्हणाला, "समोरच्यानं छपाई बरी केलीय."

आमचं नेरे म्हणजे आधी भाताची खाचरं आणि गुरं. मग हिंजवडीत कंपन्या आल्या, रस्ता आला, आणि आम्ही शेतकऱ्याचे खोल्यावाले झालो. त्यानं तीन मजली बांधली, मी तीन मजली बांधली. बबननं सगळं काम एका ठेकेदाराला देऊन टाकलं आणि वास्तुशांतीलाच घरात पाय ठेवला. मी एकेक वीट गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून लावून घेतली. माझ्या घराची एक भिंत वाकडी आहे, पण ती माझ्या डोळ्यांदेखत वाकडी झालेली आहे.

इथंच त्याचा सगळा स्वभाव आला. "तयार घ्यावं, वापराय लागावं. जुळवत बसायला आपुन काय सुतार हाय?" हे त्याचं बोलणं. शर्यतीचे बैल त्यानं कधी घरी वाढवले नाहीत. कराडच्या बाजूनं नाव झालेली जोडी आणायचा, टेम्पोतनं उतरवायचा आणि गुलाल लावायचा. मी घरच्या गाईचं वासरू धरून चार चार वर्षं त्याच्यामागं पळायचो. सूनसुद्धा त्यानं नोकरी लागलेली बघितली. "शिकत असलेली नको. कुटं अडकली तर?"

त्याचं दुसरं बोलणं म्हणजे, "ही बारी धरायची न्हाई." आमच्याकडं शर्यतीत एकेक गाडा चढाच्या घाटातनं वर पळतो, त्या एका पळण्याला बारी म्हणतात. बबन पत्त्यात हरला की ही बारी धरायची नाही. सोसायटीच्या निवडणुकीत पडला, ही बारी धरायची नाही. एकदा तालुक्याला डॉक्टरनं साखर वाढली म्हणून सांगितलं, तर हा डॉक्टरच्या तोंडावर म्हणाला, "मी आत्ताच पेढा खाऊन आलोय. ही बारी धरायची न्हाई."

असा माणूस. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी लबाड ठरेन. बाहेरच्या एका प्लॉटवाल्यानं जेसीबी आणून माझ्या खाचराचा बांध उकरायला घेतला. मी सोयऱ्यांकडं गेलो होतो. बबन नुसत्या बनियनवर पळत गेला आणि जेसीबीच्या तोंडासमोर उभा राहिला. म्हणाला, "ह्याच्याशी भांडायला मी जिता हाय अजून. तुमी कोन?" मशीन परत गेलं. मी आल्यावर गावानं मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिसरी लावून समोर हजर. मी आभार मानले नाहीत, आणि मानले असते तर त्याला राग आला असता.

आता मूळ दुखणं सांगतो. बावीस वर्षं गावच्या यात्रेत शर्यतीचा झेंडा माझ्या हातात होता. घाटाच्या वरच्या टोकाला निशाणाची रेघ असते. बैलाचा पाय रेघेपलीकडं पडला की झेंडेवाल्यानं झेंडा टाकायचा, आणि झेंडा पडलेला बघून घड्याळवाल्यानं घड्याळ थांबवायचं. म्हणजे सगळी मदार झेंडेवाल्याच्या डोळ्यावर. शाळेनं मला चौथीतनं घालवून दिलं, पण या बावीस वर्षांत माझ्या डोळ्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. बाविसाव्या वर्षी बबनची जोडी आली, मी झेंडा टाकला, आणि तो थोडक्यात दुसरा आला. एवढ्याएवढ्यानं. बबन तडक मांडवात गेला, पुकारणाऱ्याच्या हातातला माईक हिसकावला आणि बोलला, "गावानं आंधळ्याच्या हातात झेंडा दिलाय! उद्या ह्याला सोताची बायको वळखू यायची न्हाई!"

सगळा घाट हसला. माझे व्याही आलेले होते, ते हसले. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

पुढच्या वर्षापासून शर्यतींवर बंदी आली. बबनला ती हार फेडायला दुसरी बारी मिळाली नाही, आणि मला माझा डोळा दाखवायला दुसरी यात्रा मिळाली नाही. कैक वर्षांनी शर्यती परत सुरू झाल्या तेव्हा कमिटीनं झेंडा दुसऱ्याला दिला. म्हणाले, तात्या, आता तुम्ही आराम करा. मला कळलं, ते माईकवरचं बोलणं अजून जिवंत आहे. त्या दिवशी मी मनाशी बांधलं, ज्या तोंडानं हा बोलला त्याच तोंडानं चारचौघांत परत घेईल. बाकी मला या माणसाकडनं काही नको.

मग बबननं गेमचा हॉल काढला. त्याच्या पोरानं, वसंतानं, डोक्यात घातलं. तळमजल्याचे दोन गाळे एक केले, भिंतीला चार मोठे टीव्ही, समोर सोफे, थंड हवेचं मशीन, आणि प्रत्येक टीव्हीखाली खेळाचं एक यंत्र. कन्सोल म्हणतात त्याला. गाव डबे म्हणायचं. कंपनीतली मंडळी शनिवार-रविवार तिथं पडून असायची. माझे भाडेकरूसुद्धा माझ्या जिन्यानं उतरून त्याच्या सोफ्यावर जाऊन बसायचे, आणि बबन दारातनं मला मोठ्यानं ऐकवायचा, "या या! समोरनं आलात व्हय? समोर करमत न्हाई का?"

आणि हा स्वतः खेळायला शिकला! सत्तरीचा माणूस. तो हातात धरायचा कंट्रोलर पोटावर टेकवायचा, जीभ तोंडाच्या कोपऱ्यातनं बाहेर काढायचा आणि मोटारीच्या शर्यतीत गाडी वळली की स्वतः सोफ्यावर आडवा व्हायचा. वर तोंडानं "हुर्र्र, हाऽऽ, चल रं लेका!" मोटारीला. पडद्यावरच्या मोटारीला तो बैलासारखं हाकायचा. मी खिडकीतनं बघायचो. चांगला खेळायचा, हे कबूल करतो.

मला त्याचा हॉल मोकळा पाडायचा होता. मीही चार डबे आणून टाकले असते. पण बबनला मनातलं कळायचं. भर रस्त्यात म्हणाला, "समोरच्याला डबा पायजे आसंल तर सांगा, मीच आणून देतो. नक्कल करायला दुकान तरी म्हाईत हवं." झालं. आता डबा घेणं बंद.

त्या वेळी माझ्या तिसऱ्या मजल्यावर प्रणाली मॅडम राहायच्या. यवतमाळच्या, कंपनीत इंजिनिअर. मी ओट्यावर फुरंगटून बसलेला बघून म्हणाल्या, "तात्या, तुम्हाला डबा कशाला पाहिजे? तुमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली कंप्युटर ठेवू. गेमिंगचा. आपण स्वतः जुळवू. डब्यापेक्षा भारी पडते तो."

जुळवू हा शब्द ऐकला आणि माझं ठरलं. तरी विचारलं, "भारी कसा?"

"डबा सीलबंद असते तात्या. त्यात कंपनीनं दिलं तेच. जुना झाला की पूर्ण डबाच नवा घ्या. आपला कंप्युटर कमी पडला तर त्यातला एक भाग काढायचा, दुसरा बसवायचा. गेम स्वस्तात भेटतात, वीस वर्षांचे जुने गेमपण चालतात. अन् गेम नसला तर तुमच्या खोल्यांची भाडेपावती त्याच्यावर छापा."

म्हणजे डबा हा टेम्पोतनं उतरवलेला बैल आणि कंप्युटर हे घरचं वासरू. मला एवढं कळायला वेळ लागला नाही.

सामान आणलं. त्यात चित्र काढणारा एक भाग असतो, विटेएवढा. त्या एका विटेपायी माझी दुभती म्हैस गेली. यंत्र जुळवून झालं ते लोखंडी ट्रंकेएवढं. टीव्हीखालच्या कप्प्यात मावेना, म्हणून बायकोचा पितळी डबा हलवावा लागला. वर पंख्यांची घरघर. बायको म्हणाली, "हॉलमधी म्हैस बांधली आसती तरी चाललं आसतं. ती निदान दूध द्यायची."

खेळ सुरू झाले. मी खुर्ची टाकून बघत बसलो. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "मॅडम, तुमी बटण दाबताय आन् गाडी मागनं वळतीय."

"नाही हो तात्या, तुम्हाला वाटून राहिलं."

"मला वाटत न्हाई. मला दिसतंय."

त्यांनी मोबाईलवर बोटाचं आणि पडद्याचं एकत्र शूटिंग घेतलं आणि हळू करून बघितलं. खरंच, बोट दाबल्यावर पापणी लवावी एवढ्या वेळानं गाडी वळत होती. दोष यंत्राचा नव्हता, टीव्हीचा होता. टीव्ही चित्र नटवत बसायचा, त्यात वेळ जायचा. त्यांनी टीव्हीत खेळाची म्हणून जी वेगळी सोय असते ती चालू केली आणि गाडी बोटाबरोबर वळायला लागली. मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "तात्या, हे डोळ्यानं दिसत नाही कोणाला. तुम्हाला दिसलं?"

मी त्याच पावली बाहेर रस्त्यावर गेलो. बबन दारात होता. दूधवाला त्याच्याकडं दूध घालत होता. मी दूधवाल्याला हाक मारून सगळं पहिल्यापासून सांगितलं, मोठ्यानं. दूधवाल्याला काही कळलं नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं.

हळूहळू माझे भाडेकरू माझ्या हॉलमध्ये बसायला लागले. मग त्याचेही यायला लागले. चहा मी पाजायचो. एका रविवारी बबनचे दोन सोफे रिकामे पडले, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. तिसऱ्या रविवारी तो रस्त्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. "जुळवलेली गाडी घाटात सुटती. लावायची का बारी? तुझी ट्रंक आन् माझा डबा."

माईकवरच्या त्या बोलण्यानंतर अकरा वर्षांनी तो थेट माझ्याशी बोलला होता.

बोली त्यानंच केली. दोन्ही टीव्ही रस्त्यावर मांडवात, शेजारी शेजारी. खेळ एकच, तीन फेऱ्यांची मोटारीची शर्यत. आणि झेंडा पडला की तिथनं यंत्र चालू करायचं. मॅडम म्हणाल्या, "काका, चालू करायचा वेळ कोणी मोजते का?" बबन म्हणाला, "का न्हाई मोजायचा? गडी कंपनीतनं दमून आला, बसला, बटण दाबलं. तितनं त्याचा जीव खेळात. तुजं यंत्र जागं व्हईस्तवर त्यानं काय आंघोळ करायची?" मला राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं.

मॅडमनी तोडगा काढला. यंत्र बंद करायचं नाही, नुसतं झोपवून ठेवायचं. हात लागला की दोन क्षणांत जागं. दुपारी त्यांनी तसं झोपवलं, वायर माझ्या घरातल्या बोर्डाला जोडली आणि मला बजावलं, "तात्या, आता कशाला हात लावू नका."

माणसं जमली. मी टोपी घातली, धोतर सावरलं आणि घरातनं निघालो. निघताना बोर्डावरची बटणं बंद केली. चाळीस वर्षांची सवय. घराबाहेर पडायचं तर बोर्ड बंद करून पडायचं, मीटर उगीच फिरायला नको. हात आपोआप गेला.

वसंतानं झेंडा टाकला. बबनचा डबा जागा झाला, गाडी सुटली. "हुर्र्र, हाऽऽ!" माझा पडदा काळा. मॅडम बटणं दाबतायत. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी सगळ्या लोकांसमोर धोतराचा सोगा धरून घराकडं पळालो. बटण चालू करून परत आलो तेव्हा यंत्र जागं होत होतं. मध्येच वीज गेल्यामुळं ते आधी कुरकुरलं. मग पडद्यावर आलं, सुधारणा चालू आहे, यंत्र बंद करू नका. चौतीस टक्के. बबनच्या तीन फेऱ्या झाल्या तेव्हा एक्केचाळीस टक्के होते.

बबन उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "चालू झाली की सांगा रे. मी तवर जेवून येतो."

पुन्हा तोच हसण्याचा आवाज. घाटातल्यासारखा. ही बारी धरायची न्हाई, असं त्याचंच बोलणं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. त्याच्यासारखा मी होणार नव्हतो.

एक महिना मी झोपेतसुद्धा तोच पडदा बघितला. मॅडमनी यंत्राच्या सुधारणा आपण सांगू तेव्हाच होतील अशा करून ठेवल्या, आणि जागं झालं की बाकी काही न दाखवता थेट खेळात जाईल असं बसवलं. मग मी बबनला निरोप धाडला, परत लाव. वेळ तीच, बोली तीच. या खेपेला बायकोला बोर्डापाशी खुर्ची टाकून बसवलं. ती म्हणाली, "मला तुमची शर्यत दिसायची न्हाई." मी म्हटलं, "तू बटण बघ."

मांडवात दुप्पट माणूस. झेंडा कुणी धरायचा यावर बोलणं निघालं, तेव्हा बबन उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झेंडा समोरच्याच्याच हातात द्या. बघू तर द्या, उजेडात कशी लबाडी करतोय."

त्याचा डाव मला लगेच दिसला. माझ्या यंत्राला दिली तर लोक म्हणणार लबाडी केली. त्याच्या डब्याला दिली तर मी हरलो. दोन्हीकडनं मीच खाली. पण झेंडा हातात आला, त्याची काठी मुठीत बसली, आणि बाकीचं मला काही सुचेना झालं. मी दोन टीव्हींच्या बरोबर मध्ये, दोन्ही रेघा दिसतील असा उभा राहिलो, झेंडा टाकला आणि लगेच परत वर धरला.

दोन्ही यंत्रं जागी झाली. त्याचं जरा आधी, माझं लगोलग. पहिल्या फेरीत बबन पुढं. माझ्या यंत्रावर चित्र असं स्वच्छ, की रस्त्यावरचे खडे दिसत होते, त्याच्याकडं जरा धुरकट. पण चित्र बघायला कुणाला उसंत होती! दुसऱ्या फेरीत मॅडमनी वळणावर त्याला गाठलं. मांडव ओरडायला लागला. तिसऱ्या फेरीला दोन गाड्या दोन पडद्यांवर जोडीच्या बैलांसारख्या. बबन सोफ्यावरनं अर्धा उठला होता, जीभ बाहेर, तोंडानं "चल रं, चल रं माझ्या सोन्या." शेवटच्या वळणातनं दोन्ही गाड्या बाहेर पडल्या, मी पापणी हलवली नाही, आणि बबनच्या गाडीचं नाक आधी रेघेवर गेलं. नाकभर. तेवढंच.

मी झेंडा बबनच्या बाजूला टाकला.

मग त्याच्या बाजूचे नाचायला लागले. प्रणाली मॅडमनी कपाळाला हात लावला. बबनच्या तोंडावर हसू आलं, दात दिसले. खरं सांगतो, तोवर माझ्या मनात काही नव्हतं. त्याचे दात बघितले आणि मला सुचलं. मी पुढं झालो, त्याच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "बबन, तू जिंकलास. माझ्या डोळ्यानं दिली. माझा डोळा मान्य हाय न्हवं?"

तो हसत "व्हय" म्हणायला गेला आणि अर्ध्यात थांबला. ज्या डोळ्यानं आज त्याला नाकभर जिंकवलं, त्याच डोळ्यानं त्याला घाटात एवढ्याएवढ्यानं हरवलं होतं. आजचा धरला तर तेव्हाचाही धरावा लागणार. त्याच्या तोंडावर ते सगळं एकेक करून उतरताना मी बघितलं. जन्मात एवढं सुख मला कशानं झालं नाही.

"बोल की," मी म्हणालो. "गाव ऐकतंय. माईक आणू का?"

बबननं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्यायला, मिशी पुसली. मग कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि म्हणाला, "ह्याला दिसत न्हाई. मी हारलो."

लोकांना कळेना. मॅडमनी मोबाईल मांडवाच्या खांबाला बांधून शूटिंग घेतलं होतं, त्या मोबाईल घेऊन त्याच्याकडं गेल्या. "काका, बघा ना, हळू करून दाखवते. तुमचीच गाडी पुढं आहे. तुम्ही जिंकले!"

"मला नगं दाखवू पोरी. मी हारलो म्हंतोय न्हवं? माझ्या डब्याची गाडी हारली. मला कळत न्हाई व्हय?"

ज्यानं उभ्या जन्मात हार घेतली नव्हती, त्या माणसानं जिंकलेली शर्यत भर मांडवात हरली म्हणून सांगितली, का, तर माझा डोळा खरा ठरू नये. वर पुढं महिनाभर गावभर सांगत फिरला. पानाच्या टपरीवर, सोसायटीत, डेअरीत. "मी हारलो. समोरच्याला दिसत न्हाई, चुकून मला दिली त्यानं." माझ्या हॉलमध्ये गर्दी वाढली, त्याचा एक गाळा बंद झाला. माझं यंत्र जिंकलं असं जो तो म्हणायला लागला, आणि मला प्रत्येकाला सांगावं लागायचं, नाही, हरलं. हातात आलेला सूड त्यानं असा काढून नेला.

आता मला कुणीही विचारतं, तात्या, घरच्या टीव्हीला कंप्युटर लावावा का डबा? मी दोन्ही सांगतो. कंप्युटर डब्याला तोडीस तोड पळतो, चित्रात तर पुढं जातो, पण त्याची रोज निगा करावी लागते, आणि निगा करण्यातच ज्याला गोडी आहे त्यानंच तो घ्यावा. ज्याला नुसतं बसायचं आणि बटण दाबायचं, त्यानं डबा घ्यावा. ती दुसरी बाजू बबननं मला शिकवली, आणि ती खरी आहे. खऱ्याला मी खोटं म्हणत नाही.

पुढच्या थंडीत बबनला छातीत दुखायला लागलं. पिरंगुटच्या बाजूला दवाखान्यात ठेवला. मी भेटायला गेलो. कळवळा म्हणून नाही. वेळ निघून चालली होती म्हणून गेलो. वसंताला चहाला पाठवला, स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "बबन, आता हितं कोन न्हाई. एकदा म्हण. झेंडा बरोबर पडला व्हता."

त्यानं नाकावरची नळी जरा बाजूला केली. "आलाच हायेस तर डागदरला इचार," म्हणाला, "हितं डोळं बी तपासत्यात."

आणि भिंतीकडं तोंड केलं. दोन दिवसांनी गेला.

खांदा मी दिला. भावकी आहे, द्यावाच लागतो. दहाव्याला ओढ्याकाठी गेलो. पिंड मांडले, भात वाढला, सगळे लांब सरून उभे राहिले. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली उतरेना. वसंता हात जोडून म्हणाला, "आण्णा, आईला सांभाळतो." कावळा हलला नाही. "आण्णा, हॉल बंद करणार न्हाई." नाही. सून म्हणाली, नातवंडांनी म्हटलं. ऊन डोक्यावर आलं. भटजी घड्याळ बघायला लागले.

मग एकेक माणूस माझ्याकडं बघायला लागलं. मला कळलं. वसंता जवळ आला, त्याचे डोळे सुजले होते. "तात्या, पाया पडतो. एकदा म्हणा, तवा झेंडा उशिरा पडला व्हता. त्यांचा जीव त्याच्यात अडकलाय. मेलेल्या माणसाशी कसलं वैर?"

मी पुढं गेलो. चप्पल काढली. पिंडापाशी उभा राहिलो, हात जोडले.

"बबन," मी म्हणालो, "झेंडा बरोबर पडला व्हता. तू हारला व्हतास. मांडवात मातर जिंकला व्हतास."

मागनं कुणीतरी "अरं देवा" म्हणालं. भावकीतले एक म्हातारे माझ्या अंगावर आले. "धोंड्या, लाज वाटती का? मेल्याला एक खोटी बारी द्यायला तुजं काय जात व्हतं?"

मी म्हणालो, "ज्यानं माझ्या हातनं खरी घेतली न्हाई, तो खोटी घील व्हय?"

कावळा आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वसंताच्या हातात दिला आणि त्यानं तो रडत रडत पिंडाला लावला. लागेपर्यंत मी तिथनं हललो नाही. मग ओढ्यात पाय धुतले, घरी आलो आणि पोटभर जेवलो.